रुळांखालची वाट कुणाची?

नागपूरच्या मधून उत्तर-दक्षिण एक बांध गेला आहे. आपण त्याला रेल्वे म्हणतो. पण पश्चिमेकडून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्याला रेल्वे, रूळ, स्टेशन यांच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या वाटेत भराव आडवा येतो, एवढंच. अंबाझरीकडची उंच जमीन आणि सीताबर्डीची टेकडी पश्चिमेला आहे. महाल, इतवारी, गांधीसागर आणि पुढे पारडीकडचा सखल भाग पूर्वेला. नाग नदी याच उताराने वाहते. या उताराला छेद देऊन लोहमार्ग टाकला गेला, तेव्हा नदीला पूल दिला, ओहोळांना मोऱ्या दिल्या आणि माणसांना, बैलगाड्यांना रुळांखालून जायला वाटा दिल्या. त्या वाटांना आज आपण अंडरब्रिज म्हणतो, कागदावर आरयूबी, म्हणजे रोड अंडर ब्रिज, लिहितो. लोखंडी पूल, गड्डीगोदामचा गुरुद्वाऱ्याजवळचा अंडरब्रिज या जुन्या वाटा, नरेंद्रनगर आणि मनीषनगर या नव्या. पाऊस लागला की या वाटांची आठवण होते, आणि पाणी ओसरलं की विसर पडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. या वाटा आपण रस्ता म्हणून सांभाळतो, तिथंच चूक होते. रुळांखालची जुनी वाट एकाच वेळी रस्ता आहे, पाण्याची मोरी आहे आणि वरून धावणाऱ्या गाड्यांचा भार पेलणारी इमारतही आहे. तिन्हींची निगा वेगवेगळ्या दारांत वाटली गेल्यामुळे एकही नीट होत नाही.

ही वाट आली कुठून, ते आधी बघावं लागेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये भुसावळकडून नागपूरला पोचली. तेव्हाचं शहर रुळांच्या पूर्वेला होतं आणि इंग्रजांची वस्ती, किल्ला, कचेऱ्या पश्चिमेला. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाच्या गाड्यांची ये-जा वाढली, कॉटन मार्केट हे नाव आजही त्याची साक्ष देतं. १८८० च्या सुमारास छत्तीसगडकडे मीटरगेज निघाला. तो १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला आणि ब्रॉडगेज झाला. १९२० च्या दशकात इटारसीचा मार्ग जोडला गेला. १५ जानेवारी १९२५ रोजी आजच्या स्टेशन इमारतीचं उद्घाटन झालं. १९२९ च्या सुमारास काझीपेठ-बल्लारशा दुवा जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास गाड्या नागपुरातून धावू लागल्या. हा इतिहास इथं सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. प्रत्येक वेळी रूळ वाढले, तशी खालची वाट लांबत गेली. दोन रुळांखालची दहा-बारा पावलांची मोकळी जागा पाच-सहा रुळांखाली अंधारी, ओलसर, बोगद्यासारखी झाली. आणि ती एकसंध वाढली नाही. जुन्या दगडी भिंतीला लागून पुढच्या पिढीची भिंत, जुन्या गर्डरशेजारी, म्हणजे रूळ पेलणाऱ्या लोखंडी तुळईशेजारी, नवा गर्डर किंवा काँक्रीटचा स्लॅब, अशी ती जोडत जोडत वाढत गेली. अशा वाटेत पाणी गळतं ते बहुतेक वेळा या जोडांतून. म्हणून कुठला तुकडा कोणत्या काळातला, हे ठाऊक असणं हा दुरुस्तीचा पहिला टप्पा आहे.

खरे बोगदे नागपूर शहरात नाहीत. ते पाहायचे तर इटारसीच्या वाटेवर सातपुड्याच्या घाटात, धाराखोह-मरामझिरीकडे जावं लागतं. तो भाग मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातच येतो. तिथं पावसाळ्याआधी बोगद्यात शिरून छत ठोकून बघतात, कडेच्या नाल्या मोकळ्या करतात, सैल दगड काढून टाकतात. बोगद्याची निगा म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्याची निगा, हे त्या कामावरच्या मुकादमालाही पाठ असतं. ठाणे आणि दिवा यांच्यामधला १९१६ चा पारसिक बोगदा घ्या. त्याच्या डोक्यावर वस्ती झाली, सांडपाणी आणि कचरा उतारावरून खाली येऊ लागला, आणि बोगद्याची चिंता बोगद्याच्या बाहेर जाऊन बसली. शहरातल्या रुळांखालच्या वाटेचंही तेच आहे. बिघाड आत दिसतो, कारण बाहेर असतं.

आता पाण्याचा हिशेब करू. एका अंडरब्रिजकडे आजूबाजूच्या दीड हेक्टरचं, म्हणजे १५,००० चौरस मीटरचं पाणी येतं असं धरू. तासाला ६० मिलिमीटर पाऊस नागपूरला नवा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि मोरभवनचं बसस्थानक पाण्यात गेलं, ते सगळ्यांना आठवत असेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकने झाकलेल्या भागात पंधरा टक्के पाणी मुरलं असं धरलं, तरी तासाला ७,६५,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २१० लिटर पाणी त्या खड्ड्याकडे धावतं. दहा अश्वशक्तीचा एक पंप आठ मीटर उंचीवर सेकंदाला साधारण ५५ लिटर फेकतो. म्हणजे चार पंप अखंड चालले तर पाणी जेमतेम जागेवर राहील, आणि पाचवा राखीव हवा.

पण चार पंप लावले, असं मानलं तरी ते अखंड चालत नाहीत. याची कारणं दरवर्षी तीच. जाळीवर पन्न्या येऊन बसतात. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पन्न्या त्यात सर्वांत वाईट, कारण त्या लहान असतात, जाळीतून आत शिरतात आणि पंपाच्या पंख्याला गुंडाळतात. मग मोटर ओढते पण पाणी येत नाही, आणि थोड्या वेळात गुंडाळी जळते. मुसळधार पावसात वीज जाते. जनरेटर असला तरी त्याची पेटी आणि पॅनेल जमिनीलगत बसवलेलं असेल, तर पंप लागायच्या वेळीच ते पाण्यात असतं. संप, म्हणजे पंप ज्यातून पाणी उपसतो ती खालची टाकी, लहान असला की पंप सतत चालू-बंद होतो. ५५ लिटरच्या पंपाला तासाला दहापेक्षा जास्त वेळा चालू व्हावं लागू नये, यासाठी निदान पाच हजार लिटरची कामाची जागा संपमध्ये लागते, आणि ती गाळ धरून नव्हे, गाळ वगळून. शेवटची चूक सर्वांत महाग पडते. पंप ज्या नालीत पाणी फेकतो ती नालीच तुडुंब असते. तिथं नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, नसेल किंवा गाळाने उघडा राहिला असेल, तर फेकलेलं पाणी त्याच पाइपातून परत येतं. पंप चालू, बिल चालू, आणि पाणी तिथंच.

म्हणून पंप वाढवा ही मागणी मला अपुरी वाटते. वरच्या हिशेबात दोन्ही बाजूंचे उतरते रस्ते किती जागा धरतात ते बघा. प्रत्येकी १०० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद धरले, तर मिळून १,६०० चौरस मीटर. एवढ्याच जागेवर पडलेलं पाणी सेकंदाला २७ लिटरच्या वर जात नाही. त्याला एक पंप पुरतो, दुसरा राखीव. उरलेलं सगळं पाणी बाहेरच्या गल्ल्यांतून, चौकांतून वाहत येऊन आत पडतं. ते आत येऊच द्यायचं नाही. उतार सुरू होतो तिथं रस्त्याला वीस-तीस सेंटिमीटरचा लांबट उंचवटा द्यायचा, वाहनाला दणका बसणार नाही इतक्या सौम्य चढाचा. त्याच्या बाहेरच्या अंगाला रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा जाळीदार आडवा चर घ्यायचा आणि तो बाहेरच्या नालीला जोडायचा. उतरत्या रस्त्यावर पत्र्याचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छत टाकलं, तर थेट पडणारं पाणीही कमी होतं. नव्या अंडरब्रिजांवर रेल्वेने ठिकठिकाणी अशी छतं घातली आहेत. या तिन्ही कामांना विजेची गरज नाही.

त्याच्याही पुढे जाऊन एक मोजणी करायला हवी, आणि ती स्वस्त आहे. अंडरब्रिजच्या तळाची पातळी आणि जवळच्या नाल्याच्या किंवा नाग नदीच्या तळाची पातळी, दोन्ही लेव्हल मशीनने मोजायच्या. नदीचा तळ खाली असेल, तर पाणी आपोआप वाहून नेणारा पाइप टाकता येतो. ६०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीट पाइप २०० मीटरमागे एक मीटर उताराने टाकला, तर तो सेकंदाला ४०० लिटरहून अधिक पाणी नेतो. वरच्या हिशेबातल्या पूर्ण पावसाच्या हा जवळजवळ दुप्पट आहे. टोकाला झडपेचं दार लागतं, म्हणजे नदी फुगल्यावर पाणी उलटं येणार नाही. त्या वेळेपुरता पंप हवाच. प्रत्येक अंडरब्रिजला हे जमणार नाही. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत्या शहरात काहींना तरी नक्की जमेल. हे मोजल्याशिवाय पंपांची निविदा काढू नये.

आता इमारतीकडे येऊ. पाण्याइतकं तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

जुन्या वाटेच्या भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. भिंतीमागे भराव. नागपूरच्या पश्चिम भागात बेसाल्टवरची काळी माती आहे. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. भिंतीमागे साठलेलं पाणी आणि फुगलेली माती दोन्ही मिळून भिंतीला ढकलतात. म्हणूनच भिंतीत पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, साधारण मीटरभर अंतरावर, आणि त्यांच्या मागे दगडगोट्यांचा निदान ६०० मिलिमीटर जाडीचा थर. ही भोकं भिंतीचा श्वास आहेत. ती बुजली की भिंत आधी ओली पडते, मग तिच्यावर पांढरे क्षार फुटतात, मग सांधे निघतात आणि शेवटी मधला भाग पोट काढतो. पावसानंतर दोन दिवसांनी भोकातून पाणी ठिबकत असेल तर घाबरू नये, ते चांगलं लक्षण आहे. भोक कोरडं आणि शेजारचा दगड ओला, तेव्हा काळजी करावी. आपण काय करतो? सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंतीवर प्लास्टर चढवतो, त्यावर रंग देतो, चित्रं काढतो, आणि भोकं त्यात गडप होतात. भिंतीवरची चित्रं कुणाला नको आहेत असं नाही. पण गिलावा चढवलेल्या दगडी भिंतीत भेग कुठं गेली हे डोळ्याला दिसत नाही आणि हातोड्यालाही नीट कळत नाही.

सांधे भरण्याची चूक त्याहून जुनी आहे. चुन्याचा सांधा मऊ असतो, किंचित हलतो, ओल बाहेर सोडतो. त्यावर कडक सिमेंटची रेघ ओढली की ओल आत अडकते आणि सिमेंटच्या मागे चुना कुजून भुगा होतो. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटची पट्टी अखंड निघून हातात येते. बरोबर पद्धत वेळखाऊ आहे. जुना, सैल सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल खरवडायचा, पाण्याने धुवायचा, ओला असतानाच चुन्याचा मसाला दाबून भरायचा, आणि ओल्या गोणपाटाखाली कित्येक दिवस जपायचा. नागपूरच्या मे महिन्यात हे काम काढणं म्हणजे मसाला जाळणं. हिवाळा हाच त्याचा काळ. पण आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, कामाचे आदेश उन्हाळ्यात निघतात, आणि मिस्त्री भर उन्हात सांधे भरत बसतो.

भिंत आतून पोकळ झाली असेल, तर ग्राउटिंग करावं लागतं. हातोडीने ठोकल्यावर भरीव दगड खणखणतो, पोकळ जागी आवाज बसका येतो. अशा जागी भोकं पाडून पातळ सिमेंट खालच्या रांगेपासून वर चढत, हलक्या दाबाने, चौरस सेंटिमीटरला दोन ते चार किलोच्या आत भरतात. दाब वाढवला की जुनी भिंत फुगून फुटते. आणि हे सिमेंट पाणी जायच्या भोकांतही शिरतं. काम संपल्यावर ती भोकं पुन्हा मोकळी केली का, हे तपासल्याशिवाय ठेकेदाराचं बिल मंजूर करू नये. ही एक ओळ करारात असली तरी कितीतरी भिंती वाचतील.

लोखंडाचं दुखणं निराळं. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हिवाळ्याच्या रात्री दहाच्या खाली येतो. ४० अंशांच्या फरकाने १२ मीटरचा गर्डर सुमारे सहा मिलिमीटर लांबतो-आखडतो. त्याला सरकायला टोकाशी बेअरिंग असतं. तिथं गिट्टीचा चुरा, कबुतरांची विष्ठा, पालापाचोळा साचला की बेअरिंग अडतं आणि ते सहा मिलिमीटर भिंतीच्या माथ्यावर ढकलले जातात. त्यातून टेकू-दगडाला तडा जातो. दर तीन वर्षांनी बेअरिंग साफ करून ग्रीस भरायचं, हा रेल्वेचा नियम उगाच नाही. पूर्वी डब्यांच्या शौचालयांतून पडणाऱ्या घाणीने गर्डर कुजायचे. जैवशौचालयं आल्यापासून तो त्रास संपत आला, पण जुना गंज आपोआप जात नाही. रिव्हेट, म्हणजे लोखंडी पट्ट्या जोडणारा खिळा, सैल झाला की त्याच्याभोवती तांबूस ओघळ दिसतो. खालून चालणारा माणूसही तो ओळखू शकतो.

आणि रस्ता. जुन्या वाटेची उंची आधीच कमी असते. दर वेळी डांबराचा ४० मिलिमीटरचा थर जुन्यावरच टाकला, तर पाच वेळांत २०० मिलिमीटर उंची गेली. मग भरगच्च ट्रक गर्डरला घासतो, किंवा उंचीचा अडथळा मोडतो आणि मग गर्डरला घासतो. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नये. खरं तर इथं डांबर मुळातच नको. साचलेल्या पाण्यात डांबराची गिट्टीवरची पकड सुटते. खडबडीत काँक्रीट आणि दोन्ही कडांना उघडता येणाऱ्या झाकणांच्या नाल्या, हे या जागेला योग्य.

हे सगळं कुणी करायचं? प्रथेप्रमाणे भिंती, गर्डर आणि वरचे रूळ रेल्वेचे, खालचा रस्ता, दिवे आणि पाण्याचा निचरा महापालिकेचा. वाटणी कागदावर स्वच्छ आहे. पण भिंतीतून येणारं पाणी रस्त्यावर पडतं आणि रस्त्यावर साचलेलं पाणी भिंतीच्या पायात मुरतं. महापालिकेने नाली खोदताना पाया उघडा पडला तर धोका रेल्वेच्या इमारतीला, आणि रेल्वेच्या भरावावरून गिट्टी-माती वाहून आली तर जाळी बुजते महापालिकेची. दोघांच्या तपासणीच्या वेळाही जुळत नाहीत. रेल्वेचा सहायक अभियंता पुलाची वार्षिक तपासणी पावसाळ्यानंतर करतो. महापालिकेची नालेसफाई पावसाळ्याआधीची. दोघं एकाच दिवशी, एकाच अंडरब्रिजखाली उभे राहावेत असं वेळापत्रकच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात एक आणि पोळ्यानंतर एक, अशा दोन संयुक्त तपासण्या ठरवल्या, तर याला वेगळा निधी लागत नाही.

दुसरी मागणी नोंदीची. रेल्वेत प्रत्येक पुलाला तपासणीत अंक देतात. पायापासून रुळांपर्यंत एकेका भागाची अवस्था अंकात लिहिली जाते. १ म्हणजे ताबडतोब नवा बांधायला हवा, २ म्हणजे आखणी करून नवा बांधायचा, ३ म्हणजे मोठी दुरुस्ती, ४ म्हणजे नेहमीची डागडुजी, ५ म्हणजे ठणठणीत. सर्व भागांत जो अंक सर्वांत कमी, तोच पुलाचा अंक. ही फार शहाणी पद्धत आहे, कारण एका अंकात आजार लपत नाही. नागपुरातल्या प्रत्येक अंडरब्रिजच्या भिंतीवर हा अंक, तपासणीची तारीख आणि पंपाची क्षमता लिहावी. शेजारी पाण्याची खोली दाखवणारी पट्टी रंगवावी, ३० सेंटिमीटरला तांबडी रेघ, आणि पाणी तिथवर पोचलं की फ्लोट स्विचने, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या कळीने, आपोआप पडणारा अडसर. आज अडसर लावायला पोलिस येईपर्यंत दोन-चार गाड्या आत गेलेल्या असतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की जुन्या वाटा बुजवा आणि उड्डाणपूल बांधा. आक्षेप बिनबुडाचा नाही. पण विजेच्या तारांच्या वरून पूल न्यायचा तर रुळांपासून साडेसहा मीटर मोकळी उंची लागते, पुलाची जाडी धरून आठ मीटर. तीस मीटरमागे एक मीटर चढ धरला, तर दोन्ही बाजूंना २४० मीटरचे रस्ते. सीताबर्डी ते कॉटन मार्केटच्या दाटीत तेवढी जागा आणायची कुठून? सायकलवाला, हातगाडीवाला आणि पायी जाणारी म्हातारी माणसं आठ मीटर चढून उतरतील ही अपेक्षाही चुकीची. रुळांखालची वाट गरिबाची वाट आहे. म्हणून ती ठेवायची, आणि नीट ठेवायची.

नवीन बांधतानाही हेच लागू. चालू रुळांखाली तयार काँक्रीटच्या पेट्या जॅकने ढकलण्याची पद्धत चांगली आहे, गाड्या बंद ठेवाव्या लागत नाहीत. पण दोन पेट्यांमधला सांधा आणि पेटीला बाजूची भिंत मिळते तो सांधा, हे तिचे कच्चे दुवे. तिथली रबरी पट्टी आणि जलरोधक लेप रस्ता सुरू झाल्यावर दुरुस्त करणं फार कठीण. बांधकामाच्या वेळी, उद्घाटनाच्या तारखेची घाई नसताना, दोन्ही तोंडं वाळूच्या गोण्यांनी बंद करून बाहेरची जमीन आठवडाभर भिजवावी, आणि कुठल्या सांध्यातून ओल येते ते बघूनच फरशी टाकावी.